हॉर्न नसलेली सडक

शकुंतलाबाई सोमकुवर सौंसरहून बोरगावच्या शाळेत सायकलनं जात. जाताना सात मैल, येताना सात मैल. चौसष्ट साली मास्तरीण झाल्या तेव्हापासूनचा हा नेम. त्या वेळी सडकेवर दिवसाकाठी दहा-बारा मोटारी दिसल्या तर खूप. बैलगाडीवाले आपणहून बाजूला होत आणि म्हणत, "जा बाई, शाळेले उशीर होईन." पुढं संत्र्याचे ट्रक वाढले, नागपूर-छिंदवाड्याच्या गाड्या वाढल्या. मागून हॉर्न आला की बाई सायकल कच्च्यात उतरवत आणि ट्रक गेला की पुन्हा डांबरावर घेत. एका फेरीत असं तीस-चाळीस वेळा होई.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात एक ट्रक इतका जवळून गेला की त्या सायकलसकट नालीत पडल्या. ट्रक थांबला नाही. डाव्या हाताचं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं.

त्यांचे यजमान शालिकराम तहसील कचेरीत बाबू होते, जुन्या कागदांच्या खोलीत. माणूस कमी बोलणारा. प्लास्टर निघालं त्या दिवशी ते म्हणाले, "आता बस झालं. बसनं जात जा."

बाईंनी वाद घातला नाही. पोरीचं, मीनाचं, लग्न होऊन ती नागपूरला गेली होती, घरात दोघंच. आपल्याला काही झालं तर या माणसाचं कसं होईल, हे त्यांनाही नालीत पडल्या पडल्या सुचलं होतं. त्या बसनं जाऊ लागल्या. बस कधी वेळेवर येई, कधी येत नसे. आली तर उभं राहायला जागा मिळे. सायकल पडवीत भिंतीला टेकून राहिली.

असं पावणेदोन वर्षं चाललं. एका रविवारी शालिकराम बाजारातून आले तर बाई पडवीत बसून सायकलची चेन रॉकेलनं पुसत होत्या. चेनवर काही घाण नव्हती. त्यांना पाहून बाई थोड्या ओशाळल्या.

"गंज पकडते," त्या म्हणाल्या.

शालिकराम आत गेले आणि भाजीची पिशवी रिकामी करू लागले.

पंच्याऐंशीच्या दसऱ्यानंतर बाईंच्या धाकट्या भावाचं पत्र आलं. उत्तम जंगलखात्यात नाकेदार होता. तामियाच्या वरच्या डोंगरात, अभयारण्यातल्या एका नाक्यावर त्याची नुकतीच बदली झाली होती. त्यानं लिहिलं होतं, "बाई, अभयारण्य झाल्यापासून इथल्या वरच्या सडकेवर लाकडाचे ट्रक बंद आहेत. बावीस मैल सडक आहे, शेवटाला जुना रेस्ट हाउस. महिना महिना मोटार येत नाही. मी गस्तीला सायकलनं जातो तेव्हा तुझी आठवण येते. दिवाळीच्या सुट्ट्यांत भाऊजींना घेऊन ये. साहेबांची परवानगी मी काढून ठेवतो."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि यजमानांपुढं ठेवलं. त्यांनीही दोनदा वाचलं.

"सायकल कशी नेशीन?" त्यांनी विचारलं.

"बसच्या टपावर."

"अन् मी?"

"तुमी उत्तमची घ्या."

"मी पंधरा वर्षांत सायकलवर बसलो नाही." त्यांनी पत्राची घडी घातली. "पण ते विसरत नाही म्हणतात."

छिंदवाड्याला एक बस बदलून, तामियाला दुसरी बदलून दोघं संध्याकाळी नाक्यावर पोचले. टपावरच्या सायकलला बाईंनी स्वतःच्या हातानं दोन ठिकाणी दोरी बांधली होती, तिला ओरखडाही आला नव्हता. उत्तमनं "जयभीम भाऊजी" म्हणत बिस्तरा उतरवून घेतला.

सकाळी दव पडलं होतं. उत्तमनं नाक्याची साखळी खाली टाकली आणि दोघं निघाले. त्याला ड्यूटी होती, तो दुसऱ्या दिवशी सोबत्याची सायकल घेऊन गस्तीला त्यांना गाठणार होता. सुरुवातीला चढ होता, तो दोघांनी पायी चढला. मग डोंगराचा माथा लागला. सडक सपाट झाली आणि सालाच्या झाडांमधून लांबवर जाऊ लागली. कुठं झाडी सरे, तिथं कोरकू आदिवासींची चार-सहा घरं आणि जगनीची, म्हणजे कारळ्याची, पिवळी शेतं दिसत.

शालिकराम मागं होते. त्यांच्या लक्षात आलं की बाई सडकेच्या अगदी कडेनं चालवून राहिल्या आहेत. मान जराशी मागं वळलेली, कान मागं लागलेला. वाऱ्यानं पानं सळसळली की हँडल आपोआप कच्च्याकडे वळे. वीस वर्षांत अंगात भिनलेली ती सवय त्यांनी कधी पाहिली नव्हती, कारण त्या सडकेवर ते कधी बाईंबरोबर गेलेच नव्हते.

"अवं, मधातून चालव न," ते ओरडले. "कोणी येऊन नाही राहिलं."

बाईंनी मागं पाहिलं. मग हळूच सायकल मधोमध घेतली. थोड्या वेळानं त्यांचे खांदे खाली आले. आणखी मैलभर गेल्यावर त्या गुणगुणू लागल्या. वर्गात पोरांना शिकवतात ते पाढ्याच्या चालीतलं काहीतरी होतं. शालिकरामांनी अंतर कमी केलं नाही, तसेच मागून ऐकत गेले.

नवव्या मैलाला गवे आले. सडकेवर सात-आठ काळी, पांढऱ्या पायांची जनावरं उभी होती, दोन वासरं मधे. बाईंनी ब्रेक लावला आणि खाली उतरल्या. शालिकराम येऊन शेजारी उभे राहिले. दोघांनी श्वास रोखून पाहिलं. मोठ्या गव्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा चरायला मान खाली घातली.

"घंटी वाजवू नको," शालिकराम कुजबुजले.

"मी कायले वाजवीन? सडक त्यायची आहे."

दोघं मागं सरकून एका पुलाच्या कठड्यावर बसले. बाईंनी भाकरी आणि ठेचा काढला. गवे जायला तासभर लागला. त्या तासात दोघं जेवले आणि मीनाबद्दल बोलले.

सोळाव्या मैलानंतर शालिकरामांची सायकल बिघडली. फ्रीव्हील गेलं. पायडल मारलं की ते नुसतंच गरगर फिरे, चाक पुढं जाईना. त्यांनी उतरून चेन पाहिली, पुन्हा बसले, पुन्हा तेच.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मी पायी येतो."

"सहा मैल? तुमच्या गुडघ्यानं?"

बाईंनी आपल्या कॅरिअरवरच्या बिस्तऱ्याची दोरी सोडली. बिस्तरा शालिकरामांच्या कॅरिअरवर नीट खोचला. दोरीचं एक टोक आपल्या कॅरिअरला बांधलं, दुसरं त्यांच्या हँडलच्या मधल्या दांड्याला.

"बसा. फक्त ब्रेकवर हात ठेवा."

"अवं, लोक काय म्हणतीन?"

"कोणते लोक?"

शालिकरामांनी मागं-पुढं पाहिलं. सडक रिकामी होती. ते बसले. दोरी ताणली, सायकल हलली आणि बाईंच्या मागोमाग चालू लागली. आधी दोन-तीन झटके बसले, मग बाईंना वेग सापडला. त्यांच्या पाठीवर घाम आला तरी पाय एका तालात फिरत होते. शालिकराम त्या पायांकडे पाहत होते. बावीस वर्षांचा संसार. ही बाई एवढी ताकदीची आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं.

"थकली काय?"

"नाही."

"थकली तं सांग."

"तुमी सारखे विचारून राहिले, त्यानंच थकीन."

मैलभर पुढं लोक भेटलेच. आवळ्याच्या टोपल्या घेऊन एक कोरकू जोडपं समोरून येत होतं. माणूस थबकला आणि हिंदीत म्हणाला, "बाई खींच रही है?"

शालिकरामांना वाटलं होतं की अशा वेळी आपल्याला मान वर करता येणार नाही. पण तसं काही झालं नाही. "हाँ," ते म्हणाले, "और अच्छा खींचती है."

कोरकू बाई तोंडाला पदर लावून हसली आणि तिनं दोघांच्या हातावर मूठ मूठ आवळे ठेवले.

ऊन उतरायच्या आत ते रेस्ट हाउसला पोचले. चौकीदारानं कुटकीचा, तिथल्या बारीक भरडधान्याचा, भात आणि वालाची उसळ रांधली. पायऱ्यांवर बसून जेवताना शालिकराम म्हणाले, "मी तुले बसनं जाय म्हटलं, ते भेवानं म्हटलं."

"माहीत आहे मले."

"पण तुले विचारलं नाही."

बाईंनी त्यांच्या ताटात आणखी उसळ वाढली. "मीबी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

सौंसरला परतल्यावर शालिकराम आठवडाभर कचेरीतून उशिरा येत होते. बाईंना कारण कळेना. मग एका संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या पाटाशेजारी एक कागद उलगडला. प्रभाकर नावाच्या पटवाऱ्याला बरोबर बसवून, गावोगावचे जुने नकाशे एकाला एक जोडून त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ काढली होती. ती सौंसरच्या मागच्या अंगानं निघून शेतांच्या मधल्या पांदणींनी बोरगावच्या शाळेमागं पोचत होती. मोठी सडक कुठंच नव्हती, फक्त एका जागी ओलांडायची होती.

"नऊ मैल पडतीन," ते म्हणाले. "दोन जास्त आहेत."

रविवारी दोघांनी ती वाट पायी पाहिली. अर्धी चांगली होती, बाकीची बाभळींनी भरली होती. मोतीराम नावाच्या शेतकऱ्याची जमीन तिथं होती. बाईंनी त्याच्या दोन पोरींना शिकवलं होतं. त्यानं विचारलं, "बाई, इथून जानार?" आणि दुसऱ्या दिवसापासून कुऱ्हाड घेऊन कामाला लागला. पंधरा दिवसांत वाट मोकळी झाली.

पावसाळ्यात ती वाट चालत नसे. काळी माती मडगार्डात अशी बसे की चाक फिरत नसे. तेवढे चार महिने बाई बसनंच जात. पण दिवाळीपासून होळीच्या पुढंपर्यंत सकाळच्या थंडीत त्या पांदणीनं निघत. शहाऐंशी साली शाळेत आलेली प्रतिभा नावाची नवी मास्तरीण त्यांच्याबरोबर येऊ लागली. ती पहिल्यांदा सायकलवर बसली ती मोतीरामच्या संत्र्याच्या बागेजवळ, तेव्हा बाईंनी मागून सीट धरली होती.