इलारियोचं नारंगी जाकीट

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात दर बुधवारी रात्री दोन-तीनशे सायकली एकत्र फिरायला निघतात. पुढची पोरं चौकात सायकली आडव्या लावून गाड्या अडवतात आणि सगळ्यात शेवटी नारंगी जाकीट घातलेला एक जण असतो. त्याला म्हणायचं झाडू. कुणाची सायकल पंक्चर होवो, कुणाला धाप लागो, झाडू त्याला टाकून पुढे जात नाही. आणि झाडू चौक ओलांडेपर्यंत गाड्या सोडायच्या नाहीत, असा नियम.

वर्षभर हे जाकीट इलारियो बार्रागानच्या अंगावर होतं. "मी नसलो तर त्या लेकरांचं कसं व्हायचं?" असं तो बायकोला, चायोला, ऐकवायचा. खरी गोष्ट अशी की आयुष्यभर शहर बस हाकून पोट स्टिअरिंगला टेकलेल्या या गड्यापेक्षा हळू त्या रस्त्यावर एखादं पोट भरलेलं कुत्रं तेवढं चालायचं. पहिल्या बुधवारी तो मागे पडला, दुसऱ्या बुधवारी पडला, तिसऱ्या बुधवारी त्याने जाकीटच मागून घेतलं. आता मागे राहणं ही लाज नव्हती, ड्यूटी होती. इलारियो, तुला पाय नाहीत पण डोकं आहे, अशी तो स्वतःचीच पाठ थोपटायचा.

पण रात्रीची सायकल त्याला मनापासून आवडायची. बसमधून पाहिलेलं शहर काचेपलीकडचं होतं. आता बेकरीतल्या पावाचा वास थेट नाकात शिरायचा, दारात खुर्च्या टाकून बसलेल्या बायका "पाणी घे रे" म्हणायच्या. ज्या रस्त्यावर दिवसा आईचं बोट सोडायची सोय नव्हती, तिथे पोरं मधोमध हात सोडून सायकल चालवायची. रस्ता आपल्या बापाचा नाही, हे बसवाल्याला साठीत कळलं. म्हणजे तसं लवकरच.

गेल्या बुधवारी चायो शेजारणीची सायकल घेऊन उभी राहिली. "आज मीही येते."

इलारियो जाकीट चढवता चढवता थांबला. "तुला झेपायचं नाही."

"नाही झेपलं तर तू आहेसच की मागे."

झेपलं. कालसादा या हमरस्त्याच्या चढावर ती पोरींशी गप्पा मारत पुढे निघून गेली आणि नारंगी जाकीट अर्ध्या चढात उतरून सायकल ढकलू लागलं. वर चौकात गाड्या खोळंबलेल्या. सगळ्यात पुढे बस, तीही इलारियोच्याच जुन्या मार्गाची. हॉर्न दाबून बसलेला ड्रायव्हर त्याचा जुना सोबती फेर्मीन.

"कुणासाठी अडवलंय एवढं?" फेर्मीनने चौकात सायकल आडवी लावून उभ्या असलेल्या नायेलीला विचारलं.

"शेवटचा यायचाय, काका."

फेर्मीन खिडकीतून वाकला. "इलारियो? अरे, सायकलवाल्यांना माझ्यापेक्षा घाणेरड्या शिव्या द्यायचास की लेका. आता तुझ्या एका ढेरीपायी अख्खी बस अडलीय माझी."

"मग उतर आणि ढकल," इलारियो धापा टाकत म्हणाला. सगळी बस हसली.

चायो हसली नाही. ती चौकात थांबून त्याच्या मागचा रिकामा चढ बघत होती. "ज्याला सांभाळून आणत होतास तो कुठाय?"

इलारियोने पोटावर हात ठेवला. "हा काय. वर्षभर यालाच आणतोय."

"आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे, काकू," नायेली म्हणाली. "जाकीट नसतं तर ते यायचे बंद झाले असते."

चायोने हात पुढे केला. "काढ ते."

संपलं, इलारियोच्या मनात आलं. जाकिटाशिवाय तो नुसता एक जाडा, दमलेला म्हातारा होता, आणि असा म्हातारा पुढच्या बुधवारी कुठल्या तोंडाने येणार? त्याने जाकीट काढून दिलं. चायोने ते अंगात घातलं, गळ्यापर्यंत चेन ओढली. "चल पुढे."

पुढे उतार होता. इलारियो पहिल्यांदाच घोळक्याच्या मधोमध सुटला. कुणाच्या तरी कॅरिअरवर गाणी वाजत होती. वर्षभर त्याला त्यांचं शेपूटच ऐकू यायचं, आज एक अख्खं गाणं मिळालं. उतार संपला तसं त्याचं घोडं पुन्हा अडलं, घोळका पुढे गेला. त्याने मान वळवली. चायो दोन्ही हातांनी ब्रेक दाबत येत होती.

"पुढे जा की. तुला झेपतंय."

"जाता येत नाही, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "नियम आहे."