पेटीतलं ऊन

बाईंना कापडाच्या दुकानात नेणं म्हणजे भांडणाची तयारी ठेवून जाणं. मेन रोडवरच्या दुकानात गादीवर टेकताच त्या समोरचं कापड आधी उलटं करत. दुकानदार सुलट बाजूचं कौतुक सांगत असायचा आणि बाई मागची बाजू नखानं घासून बघत. "पुढून सगळंच चांगलं दिसतं," एवढंच म्हणत. मग दुकानदाराचा चेहरा पडायचा आणि मला उगाचच त्याची दया यायची.

आमच्या कॉलेजात त्या कापडाचं रसायनशास्त्र शिकवत. बाकी सगळ्या 'मॅडम', या मात्र बाई. मी निफाडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली; एम. एस्सी. झाल्यावर त्यांच्या हाताखाली राहिले. भर एप्रिलात, नाशिककर पंख्याखालून हलायला तयार नसताना, बाई खांद्यावर पांढऱ्या लोकरी कापडाचे तुकडे टाकून व्हरांड्यातून जात. मुली मागून 'लोकरबाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "म्हणू दे. टोचतेच लोकर," त्या म्हणायच्या.

लोकर रंगवणं हा त्यांचा ध्यास. लोकरीच्या केसावर मुळातच तेलकट थर असतो, त्यामुळे अळूच्या पानावरून पाणी घरंगळावं तसा रंग वरून निघून जातो. मग लोकर तासन्‌तास उकळायची आणि तिचा मऊपणा घालवायचा. बाईंचं म्हणणं, रंगवण्याआधी कापडावर अतिनील किरण सोडा, तो थर सैल होईल, रंग कमी उकळून आणि गडद चढेल. त्यासाठी सातपूरच्या एका कारागिराकडून त्यांनी पत्र्याची पेटी करून घेतली होती. आत जांभळट दिवे. पेटी चालू केली की वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास खोलीभर पसरायचा आणि बाई काळा चष्मा लावून बसायच्या. जास्त वेळ ठेवलं तर कापड पिवळं पडे. तेव्हा त्यांचा राग कापडावर निघायचा नाही, आमच्यावर निघायचा.

प्रयोगशाळेत मदतनीस होते दादा, देवळ्याकडचे. त्यांना अतिनील वगैरे सांगण्यात अर्थ नाही, असं इतरांचं मत. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं होतं, "दादा, हे पेटीतलं ऊन समजा." दादांना ते पटलं. पुढे ते सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, "आमच्या बाईंनी ऊन पेटीत कोंडलंय."

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि प्रत्येक कॉलेजला कॉम्प्युटरची घाई झाली होती. संस्थेच्या कार्याध्यक्षांचा डोळा आमच्या खोलीवर होता. ते एकदा काम बघायला येतील, त्यांना पटलं तर खोली राहील, नाहीतर पेटी उचला, असा निरोप आला. बाईंकडे दुसरी जागा नव्हती. खोली गेली की काम संपलं.

दोन तुकडे रंगवायचे ठरले, एक पेटीत ठेवलेला आणि एक न ठेवलेला. सुलट बाजू कळावी म्हणून बाईंनी कोपऱ्यात लाल टाका घातला होता. किरण ज्या बाजूवर पडतात तीच बाजू गडद रंगते. पाहुण्यांच्या चहापाण्याचं ठरवायला प्राचार्यांनी बाईंना आणि मला ऐन वेळी खाली बोलावलं, म्हणून पेटीचं काम दादांवर आलं. वर येऊन रंगवलं बाईंनीच, पण ओल्या कापडात फरक कळत नाही; आणि लगेच त्या पाहुण्यांना घ्यायला पुन्हा खाली गेल्या. तुकडे वाळवून, इस्त्री करून दादांनी टाका वर ठेवून फळ्यावर टाचले, तोवर बाई पाहुण्यांना घेऊन वर आल्या.

दोन्ही तुकडे सारखेच फिके होते.

"दोन्ही एकच दिसतात की, बाई," कार्याध्यक्ष हसले. प्राचार्यही हसले, त्यांना हसणं भागच होतं.

बाई दादांकडे वळल्या. दादा म्हणाले, "उन्हात कापड उलटंच टाकत्यात ना बाई? नाय तर रंग उडतो. म्हनून म्या टाक्याची बाजू खाली ठेवली."

बाईंना सगळं लख्ख कळलं. "साहेब, कापड उलटं पडलं होतं. थांबा, मागची बाजू बघा," म्हणत त्या टाचण्या काढू लागल्या. मागची बाजू पिकलेल्या जांभळासारखी गडद होती. एकाच भांड्यातलं एकच कापड, एका अंगानं फिकं आणि दुसऱ्या अंगानं असं. याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? पण कापड उलटेपर्यंत साहेब दारात पोचले होते. "लोक कापड सुलटं घालतात, बाई," ते वळूनही न बघता म्हणाले.

आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चार पावलं मागे यायला काय झालं होतं त्या माणसाला?

दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरची टेबलं आली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चपखल बसली. म्हणजे माप कधीच घेऊन गेले होते. आम्ही आपले फळा सजवत होतो.

दादा मात्र सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसले. ज्या बाई पिवळ्या डागासाठी आम्हाला फाडून खायच्या, त्या त्यांना म्हणाल्या, "दादा, ऊन मीच म्हटलं होतं. उन्हात उलटंच टाकतात. तुमचं काही चुकलं नाही." पेटी जिन्याखाली गेली. बाई पुढची वर्षं फक्त फळ्यावर शिकवत राहिल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा सभागृहात सत्कार झाला. तेच कार्याध्यक्ष 'संशोधनाची तळमळ' या विषयावर बराच वेळ बोलले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मग त्यांनी शाल उलगडली आणि बाईंच्या खांद्यावर घालायला पुढे झाले. बाईंनी ती मध्येच हातात घेतली. सगळ्यांसमोर उलटी केली. मागची बाजू नखानं घासली, पदरासारखी वर धरून उजेडात पाहिली.  फोटोवाला कॅमेरा खाली करून थांबला.

मग बाईंनी शाल स्वतःच पांघरली आणि माइकजवळ गेल्या.

"शाल चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मी उलटून पाहिली. तेवढा वेळ लागतो, साहेब, जास्त नाही."

एवढंच बोलून त्या खाली उतरल्या, आणि सगळ्यांत मागे, दाराशी उभे असलेले दादा एकटेच टाळ्या वाजवत राहिले.