दोन दात आणि न चालवलेली सायकल

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'खिडकी' म्हणायची. वरच्या ओळीत समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारी दोन्हीकडे एकेक दात नव्हता, आणि गडी हसरा, त्यामुळे खिडक्या दिवसभर उघड्याच. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कामात त्या फटींचा उपयोगच. कापड ठोकायला बसला की मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात टाकायचा आणि जिभेने एकेक फटीतून बाहेर सरकवायचा. गिऱ्हाईक सोफा बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडेच बघत राही.

हे दात का नाहीत, ते त्याची आई सांगायची. विचारलं तरी, न विचारलं तरी.

"माझ्यामुळे. हा पोटात होता तेव्हा मला दुधाचा वास सोसायचा नाही. सासूबाई पेला भरून द्यायच्या, मी गुपचूप मोरीत ओतायचे. घ्या, लेकराचे दात गेले."

सुनेला दिवस गेले तेव्हा तर तिने दूध पाजून पाजून वात आणला. सून बिचारी नाक दाबून प्यायची. नात झाली, गुटगुटीत झाली, आणि दुधाचे दात पडल्यावर नेमक्या त्याच दोन जागा रिकाम्या राहिल्या. "दूध पातळ असणार," आजी म्हणाली आणि दूधवाला बदलला.

नात कॉलेजात गेली. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला 'छोटी खिडकी' म्हटलं. घरी येऊन ती फुगून बसली.

"बाबा, तुम्हाला ते शोभतं. मला नाही शोभत."

बापाच्या मनात आलं, आपण इतकी वर्षं हसण्यावारी नेलं, पण पोरीला विचारलंच नाही. दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून तो तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. आजीही निघाली. "मी नको? सगळी हकीकत मलाच ठाऊक."

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्याने गादी दाबून पाहिली. "फोम पार बसलाय हिचा."

"आपण दाखवायला आलोय, बघायला नाही," आईने दटावलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी नातीच्या जबड्याचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. "आत दात अडकलेत का ते बघत होते. नाहीत. ते तयारच झाले नाहीत. दाताचा कोंबच धरला नाही."

"दूध," आजी हळूच म्हणाली आणि मोरीची सगळी गोष्ट पुन्हा एकदा झाली.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आजी, दुधाचा इथे काही संबंध नाही. कधी एखाद्या मोठ्या आजारपणानेही दात धरत नाहीत, पण बापलेकीच्या तोंडात तेच दोन दात नाहीत म्हणजे हे बहुतेक घराण्यातून आलंय. आजोबांचे दात कसे होते?"

"ह्यांना होती मिशी. अशी भरघोस, ओठ दिसायचा नाही. दात नव्हतेच ह्यांनाही दोन, पण ते सायकलवरून पडून गेलेले. लग्नाआधीच सांगितलं होतं आम्हाला."

"कुठले दोन?"

आजीने आधी मुलाकडे पाहिलं, मग नातीकडे. मुलाने तिथूनच चुलत्याला फोन लावला.

"काका, आमचे बाबा सायकलवरून कधी पडले होते?"

"कोण, दादा?" काकांचा आवाज एवढा खणखणीत की सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "त्याला सायकल येत कुठे होती! जन्मभर माझ्यामागे कॅरिअरवर बसला. दात त्याचे आलेच नव्हते. स्थळं परत जायला लागली, म्हणून आमच्या आईने ती सायकलची कहाणी रचली. मिशीही तिनेच ठेवायला लावली."

आजीचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे मी दुधाच्या नावाने रडत होते, तेव्हा हे पेपरात डोकं खुपसून बसायचे ते याच्यासाठी? आज असते ना, एकेक केस उपटला असता मिशीचा!" असं म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी. पदराने तोंड पुसून ती पुन्हा हसली. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. आई इतकं मनाला लावून घेत आली होती, हे त्याला आज कळत होतं.

मग उपचाराचं ठरलं. आधी तारा लावून सरकलेले दात जागेवर आणायचे आणि फटी सारख्या करायच्या. जबडा वाढायचा थांबेपर्यंत हाडात पक्का दात बसवता येत नाही, तोवर शेजारच्या दातांना मागून चिकटवलेले दोन दात. "दोन-तीन वर्षं धीर धरावा लागेल," बाई म्हणाल्या. पोरगी तारांनी वैतागली, मऊ भात खाऊन कंटाळली, पण धीर सोडला नाही. चिकटवलेले दात बसले त्या दिवशी घरभर आरसा घेऊन फिरली.

बापाने स्वतःसाठी मात्र नको म्हटलं. "माझं पोट चालतं यांच्यावर." बाईंनी तोंडात चुका धरण्यावरून त्याला असं झापलं, की आता तो त्या वाटीत ठेवतो. निदान कुणी बघत असेल तेव्हा.

घरातल्या लहान मुलांनाही दाखवून घ्या, असं बाईंनी सांगितलं होतं. काका नातवंडांची फौज घेऊन दवाखान्यात आले, सोबत आजीही होतीच. सगळ्यांचे दात ठीक होते. फक्त एकीच्या खालच्या एका दुधाच्या दाढेखाली पक्का दात नव्हता. हीच दाढ जपा, बाई म्हणाल्या, ती पुष्कळ वर्षं साथ देईल. ते ऐकून मुलीच्या आईचा चेहरा पडला.

"माझंच काहीतरी चुकलं असेल. ही पोटात असताना गोळ्या घ्यायचा कंटाळा करायचे मी."

आजीने तिचा हात धरला आणि आपल्या शेजारी बसवलं. "काही चुकलेलं नाही तुझं. बस इथे, तुला सगळं सांगते."