माशाच्या पुडीची बरणी

बरणीचं झाकण उघडलं आणि त्या वासासरशी तो श्रावण आठवला. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय गेले होते. मासळीवाली टाकाऊ मुंडकी, काटे फुकट द्यायची. आई ते चुलीवर वाळवून, दळून त्याच्या भातात कालवायची. तो उठून बसू लागला होता. श्रावण लागला, बिरवाडीत मासे कोणी घेईना, मुंडकी मिळेनाशी झाली. महिनाभर माशाला न शिवणाऱ्या आईने मग मासळीवालीला अख्खा मासाच आणायला सांगितला. मला म्हणाली, "कुत्र्याला कसला रे श्रावण?" मासळीवाली मासा घेऊन दारात आली, तेव्हा कुत्रा गेलेला होता. "परत ने गो," आई म्हणाली. "आता कोन घेतंय, आजी? श्रावण हाय ना," मासळीवाली म्हणाली. आईने तो मासाही वाळवला, दळला. पूड अजून तशीच आहे. मासळीवालीला त्या दिवशी माशाचे दोनशे रुपये मी दिले.