खाणीतल्या काचेच्या छत्र्या

बरणी पुन्हा रिकामी! उजेडात धरली, हलवली, डोळे फाडून पाहिली. तळाशी एक बुळबुळीत धागा, बस्स.

मी तळेगावच्या एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते. हा नमुना औंढ्याच्या बंद दगडखाणीतल्या तळ्याचा. मंगलताईंच्या बचत गटानं ते भाड्यानं घेऊन तिथं माशांची पिल्लं सोडली होती आणि ती उपासमारीनं मरत होती. ही पिल्लं झूप्लँक्टनवर जगतात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांवर. आधी ते भरपूर होते, आता औषधालाही नाहीत. गाव म्हणे, वरच्या रिसॉर्टचं पाणी उतरतंय. खाणमालक म्हणे, जमत नसेल तर तळं परत करा.

"पाणी ओके आहे ना? तसं लिही आणि मोकळी हो," लॅबचे सर म्हणाले.

"पाणी ओके आहे, मग किडे गेले कुठे?"

"ते आपल्याला विचारलंय का?"

"विचारलं नाही. पण पिल्लं मरतायत, सर."

"जा बाई, एकदाची बघून ये!"

भर दुपारी गेले. लख्ख ऊन, वाऱ्याचं नाव नाही. ड्रमच्या तराफ्यावर पालथी पडून पाण्यात डोळे लावले. आधी नुसतं हिरवं. मग त्या हिरव्यातला उजेडच हलला. रुपयाएवढी काचेची छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिच्यामागं दुसरी. मग जिकडे बघावं तिकडे त्याच! सावकाश वर यायच्या, उलटायच्या, धागे पसरून खाली उतरत राहायच्या. एखादा ठिपका धाग्याला टेकला की तिथंच थांबायचा. गोड्या पाण्यातली जेलीफिश! मी कशाला आले होते तेच विसरले. खरं सांगते, फार सुख वाटलं.

"ओ मॅडम, डोळा लागला का काय? हितं आमची पिल्लं उपाशी मरत्यात!"

"मंगलताई, इकडे या. हळू. आडव्या व्हा."

त्यांना दाखवलं, पिल्लांचा घास कोण खातंय ते. बरणीत ती का नव्हती, तेही तेव्हाच कळलं. आमची पद्धत म्हणजे जाळी ओढायची आणि वर स्पिरिट ओतायचं. हे नाजूक अंग जाळीत फाटतं, उरलेलं स्पिरिटमध्ये आकसतं. चोराचा आम्हीच लगदा करत होतो आणि मग चोर कुठाय म्हणून विचारत होतो.

"म्हंजी रिसॉर्टवाल्याचं काय न्हाई?"

"नाही. ही बहुतेक पिल्लं ज्या पिशव्यांतून आणली, त्यांतल्या पाण्यातूनच आली."

"आगं बया! आमीच आणली व्हय?"

"तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढी असतात, दिसत नाहीत हो. कुणालाच."

"मग औषध टाका की."

"औषधानं पिल्लंही जातील."

एकच उपाय होता. उरलेली पिल्लं ताडपत्रीच्या टाकीत हलवायची, कोंडा-पेंड घालून बोटाएवढी करायची आणि मग तळ्यात सोडायची. तेवढी झाली की त्यांचं किड्यांवाचून अडत नाही. हलवतानाही पुष्कळ मेली. मंगलताई टाकीपाशी उभ्या राहून रडल्या.

राहिली ती वाढली. तळं गटाकडेच राहिलं. बोटुकली सोडायच्या दिवशी मंगलताई माझ्याआधी तराफ्यावर पालथ्या पडल्या होत्या. कितीतरी वेळ उठेनात.

"मेल्यांनी पिल्लं मारली आमची," त्या पाण्याकडं बघतच म्हणाल्या, "पन काय देखनी हायती वो!"

तेव्हापासून कुठल्याही तळ्यावर जाळी टाकायच्या आधी मी पालथी पडून बघते. सर विचारतात, रिपोर्टमध्ये याला काय म्हणायचं? मी लिहिते, 'प्राथमिक तपासणी'.