उरलेले मैल

व्हर्लिन हेन्सलींची नवीकोरी गाडी मी एकदा चुकून कॅनडात नेली. मी शाळेत भूगोल शिकवतो. हे मीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गल्लीत ते कोणीही सांगेल.

व्हर्लिन माझे शेजारी, सत्तरी ओलांडलेले. डेट्रॉईटच्या इस्पितळात त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून परतताना गाडी माझ्या हातात होती. रस्त्याचं काम चालू होतं. आमच्याकडे ते बारा महिने चालू असतं. नारिंगी पिंपं जिकडे वळवतील तिकडे मी वळत गेलो आणि एका क्षणी लक्षात आलं, की डावीकडे पाणी आहे, उजवीकडे पाणी आहे आणि मधे आपण आहोत.

काळा चष्मा लावून शेजारी बसलेले व्हर्लिन म्हणाले, "मास्तर, गाडी चढाला का लागलीय? हेझल पार्कच्या वाटेवर चढ नाही."

"पूल आहे."

"कसला पूल?"

"जरा मोठा आहे."

त्यांनी खिडकीची काच खाली करून वारा हुंगला. मग म्हणाले, "मास्तर, तू मला परदेशी नेतोयस का?"

त्या पुलावर मागे वळता येत नाही. पलीकडच्या चौकीतल्या बाईंनी येण्याचं कारण विचारलं. मी म्हटलं, "चुकून." त्या मान वर न करता म्हणाल्या, "रोजचंच आहे. पुढून वळा आणि घरी जा." परतताना अमेरिकेच्या बाजूच्या शिपायाने विचारलं, कॅनडात किती दिवस होतात? मी म्हटलं, वळायला लागतो तेवढा वेळ.

मला वाटलं, आता तरी व्हर्लिन हसतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती मैल वाया घालवलेस?"

"असतील बारा-पंधरा. जाऊ द्या हो, पेट्रोल मी भरतो."

"पेट्रोल घाल चुलीत. मैल भरून दे. ते माझ्या ताईचे मैल आहेत."

ताई म्हणजे हेस्टर. व्हर्लिनपेक्षा दहा वर्षांनी मोठी. केंटकीत, हार्लनच्याही पुढे, दोन डोंगरांच्या फटीत तिचं घर. आई लवकर गेली, तेव्हा हा मुलगा हिनेच वाढवला, हिनेच बदडला आणि अठराव्या वर्षी हिनेच बसमध्ये बसवून डेट्रॉईटच्या कारखान्यात पाठवला. आमच्या हेझल पार्कमधली निम्मी घरं अशीच तिकडून आलेली. माझे वडीलही त्यातलेच. आमच्या गल्लीच्या टोकाला जो महामार्ग लागतो तोच थेट केंटकीत उतरतो. पूर्वी शुक्रवारची पाळी सुटली, की अख्खी गल्ली डबे बांधून दक्षिणेला निघायची आणि सोमवारी पहाटे लाल डोळ्यांनी कामावर हजर व्हायची. आता तिकडचे म्हातारे संपले आणि इकडचे म्हातारे झाले. व्हर्लिनची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. उरली होती ती हेस्टरताई, आणि तिची फुप्फुसं आता नळीतून येणाऱ्या हवेवर चालत होती. डॉक्टर म्हणाले होते, नीट जपलंत तर तीन वर्षं जातील.

म्हणून तर ही गाडी. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना दारं बसवलेल्या या माणसाने स्वतःसाठी नवी गाडी कधी घेतली नव्हती. त्यांचा जुना ट्रक डोंगर चढताना हेस्टरताईसारखाच धापा टाकायचा. मीच म्हटलं, लीजवर घ्या. आमच्याकडे सगळे तेच करतात. ज्यांनी जन्मभर गाड्या बनवल्या ते गाडी विकत घेत नाहीत, भाड्याने घेतात. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना सूट असते, त्या सवलतीत तीन वर्षं मिरवतात, परत देतात, दुसरी आणतात. कोणाची गाडी कोणत्या महिन्यात परत जायची आहे, हे गल्लीला वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

"वाचायला तू चल," व्हर्लिन म्हणाले. "मला बारीक अक्षर दिसत नाही, आणि ते मुद्दाम बारीक छापतात."

शोरूममध्ये डॅरेन नावाचा गोड बोलणारा मुलगा होता. त्याने समजावून सांगितलं. गाडीची आजची किंमत ही. तीन वर्षांनी ती जेवढ्याला जाईल ती किंमत ही. मधली घसरण तेवढी तुम्ही महिन्याच्या हप्त्यांत भरायची, वर व्याज आणि कर. म्हणून हप्ता कमी बसतो.

"म्हणजे मी झीज विकत घेतोय," व्हर्लिन म्हणाले. "गाडी नाही."

"तसं म्हणता येईल, सर. मुदत संपल्यावर ठरलेल्या किमतीला गाडीही घेता येते."

"तेव्हाचं तेव्हा. सही करताना किती मोजायचे?"

सही करतानाच्या रकमेपोटी जुना ट्रक गेला. मग डॅरेनने विचारलं, वर्षाला मैल किती? दहा हजार, बारा हजार, की पंधरा हजार? मैल जास्त तसा हप्ता जास्त. आणि ठरल्यापेक्षा जास्त पळवलीत, तर परत देताना दर मैलाला पंचवीस सेंट.

"पंधरा," व्हर्लिन म्हणाले. एरवी हा माणूस सरबताच्या पेल्यातल्या बर्फावरून वाद घालणारा. मी बघतच राहिलो.

मैल उरले तर काय, हे व्हर्लिननी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. का विचारलं नाही, ते पुढे कळलं. कारखान्यात न घेतलेल्या रजेचे पैसे वर्षाच्या शेवटी हातात पडायचे. त्यांनी तीस वर्षं रजा वाचवली आणि तीस वर्षं पैसे घेतले. वाचवलेलं कधीतरी परत मिळतंच, हे त्यांच्या हाडात बसलं होतं.

हेस्टरताईकडे जाऊन यायला नऊशे मैल. दर आठवड्याला जायचं म्हटलं, तर तीन वर्षांचे मैल एका वर्षात खलास. व्हर्लिननी हिशोब मांडला तो ओसरीवर बसून, माझ्यासमोर, तोंडी.

"हे बघ मास्तर. पहिलं वर्ष ती चालती-बोलती आहे. दुसरं जरा कठीण जाईल. खरी गरज तिसऱ्या वर्षी. तेव्हा दर पंधरा दिवसांनी जावं लागेल, रात्री-अपरात्री जावं लागेल. तेव्हा माझ्याकडे मैल हवेत. म्हणून आत्ता महिन्यातून एकदाच."

हिशोबात चूक काढायला जागा नव्हती. मी त्यांना शाबासकीसुद्धा दिली.

तेव्हापासून ती गाडी म्हणजे एक अवघड पाहुणा होऊन बसली. वाणसामान आणायला व्हर्लिन बसने जात. चर्चला पायी जात. बर्फ असला तर देवाला निरोप माझ्याबरोबर. गाडी दारात चकचकीत उभी. महिन्यातून एका शनिवारी पहाटे ती दक्षिणेला जायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची, तेव्हा त्यांच्या हातात दोऱ्यात ओवून वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगांची माळ असायची. ती रात्रभर भिजवून, डुकराच्या चरबीचा तुकडा टाकून शिजवायची आणि मक्याच्या पावाशी खायची. निम्मी माळ माझ्या घरी यायची. हेस्टरताईचा निरोपही यायचा, "कॅनडावाल्याला दे."

माझी गाडी घेऊन जा, असं मी एकदा सुचवलं. माझ्या लीजचे मैल मी बायकोच्या माहेरापायी केव्हाच ओलांडले होते. दंड बसायचाच होता, थोडा आणखी बसला असता.

"तुझ्या गाडीला तुझी सवय लागलीय," ते म्हणाले. "हार्लनला म्हणून निघायचो आणि मेक्सिकोत उतरायचो."

मी फार ताणून धरलं नाही.

व्हर्लिनना कमी ऐकू येई, म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवत. ओसरीवरचं भावा-बहिणीचं बोलणं सगळ्या गल्लीला फुकट मिळायचं. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरातलं एक मला आठवतं. पानं जमा करता करता मी ऐकत होतो. आधी तिच्या यंत्राचा सुस्कारा यायचा, मग शब्द.

"का रे मैलवाल्या, या शनिवारी येतोस?"

"पुढच्या येतो, ताई. या महिन्याची फेरी झाली."

"फेरी! तू काय दूधवाला आहेस? ती गाडी आहे का चर्चमधली वर्गणीची पेटी, कोणी हात म्हणून लावायचा नाही?"

"तुझ्यासाठीच ठेवलेत गं मैल. तिसऱ्या वर्षाला लागतील."

"तिसरं वर्ष मला दाखवायला आण, मग बघू." सुस्कारा. "या शनिवारी डोंगर सगळा लाल झालाय. पुढच्या शनिवारपर्यंत पानं गळतील."

"पानं काय, दरसाल येतात."

"बरं." सुस्कारा. "डॉक्टरने तीन वर्षं सांगितलीत, मी काही त्यातला एक दिवस सोडणार नाही. पुढच्या शनिवारी ये. पण रिकाम्या हाताने येऊ नकोस, त्या तुमच्याकडच्या आल्याच्या सोड्याच्या बाटल्या आण."

मंगळवारी सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. बाटल्या आणलेल्या होत्या. व्हर्लिनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या रांगेत उभ्या होत्या, आणि व्हर्लिन त्यांच्याकडे बघत कोट घालत होते. कोटाची एक बाही त्यांना सापडत नव्हती.

त्या वेळी गाडी मी चालवली. ओहायो संपलं, नदी ओलांडली, डोंगर सुरू झाले. मैलांचा आकडा समोर सरकत होता आणि तो किती झाला हे व्हर्लिननी एकदाही विचारलं नाही. मला वाटत होतं, विचारावं. नेहमीसारखं एकदा खेकसावं. केंटकीत शिरल्यावर मी मुद्दाम म्हटलं, "वाट चुकलो वाटतं." ते म्हणाले, "नाही. हीच आहे."

पानं बरीच गळली होती, पण सगळी नाही.

दफन झाल्यावर शेजारणीने जेवायला वाढलं. भली बाई. तिला वाटलं, भावाला ऐकून बरं वाटेल. "दर शनिवारी केस विंचरून बाहेर बसायची हो," ती म्हणाली. "तुम्ही येणार असा नाहीतर नसा. मी म्हणायची, अगं, आज नाही त्याचा शनिवार. तर म्हणायची, माहीत आहे मला, पण रस्ता काय, कोणालाही आणतो."

व्हर्लिननी ताटातलं सगळं खाल्लं. एक कणही टाकला नाही. तिथे ती पद्धत आहे.

डिसेंबरात ते म्हणाले, "चल मास्तर, गाडी परत देऊन टाकू." आम्ही शोरूममध्ये गेलो. डॅरेनने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आतल्या आकड्याकडे बघून शीळ घातली.

"सर, काय ठेवलीय गाडी! दीड वर्षात एवढेच मैल? अशी गाडी परत आली की कंपनी खूश."

"मग खूश करा. घ्या परत."

"घेतो की. पण मुदत अजून निम्मी आहे. आत्ता दिलीत, तर उरलेले जवळजवळ सगळे हप्ते एकदम भरावे लागतील. त्यापेक्षा ठेवा आणि चालवा, माझं ऐका."

"बरं. मग त्यातून माझे मैल वजा कर."

"कुठले मैल?"

"न वापरलेले. निम्म्याहून जास्त आहेत. हप्त्यागणिक पैसे मोजतोय त्यांचे."

डॅरेनने माझ्याकडे पाहिलं. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सर, जास्त झाले तर आम्ही घेतो. कमी झाले तर... तसं काही परत नसतं. सहीच्या कागदावर आहे."

"म्हणजे वाचवले त्यांचं काही नाही."

"नाही, सर."

"मग ते गेले कुठे?"

डॅरेनने कॉफी विचारली. व्हर्लिन नको म्हणाले. मोठा आवाज नाही, वाद नाही. सरबतातल्या बर्फावरून भांडणारा माणूस टोपी घालून सरळ गाडीत जाऊन बसला. मी मात्र मागे राहून बारीक अक्षरं पुन्हा एकदा वाचली. सगळं होतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

घरी येताना मी मनात आकडेमोड केली. ठरलेल्या मैलांपलीकडची एक फेरी म्हणजे सव्वादोनशे डॉलर. पेन्शनीतून जड, पण जन्माच्या गणितात काही नाही. मी ते बोललो नाही. पण त्यांच्या ओठांची हालचाल मी बघत होतो, आणि तेही तोच गुणाकार करत होते.

गाडी अजून तिथेच उभी आहे. हप्ता दर महिन्याला जातो. व्हर्लिन अजूनही वाणसामानाला बसनेच जातात. विचारलं तर म्हणतात, सवय झाली. बर्फ पडला की मी माझ्या दाराबरोबर त्यांच्या गाडीवरचाही झाडतो. खाली ती तशीच नवीकोरी निघते.

गेल्या रविवारी ऊन पडलं होतं. ते ओसरीवर बसले होते, मी शेजारी जाऊन बसलो. गप्प बसणं मला जमत नाही, हा माझा जुना रोग. म्हटलं, "व्हर्लिन, किती दिवस अशी उभी ठेवणार? पैसे भरलेले आहेत, हजारो मैल पडून आहेत. हवा छान आहे. उठा आणि जाऊन या कुठेतरी."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग गल्लीच्या टोकाला, जिथून महामार्गाचा आवाज येतो तिकडे.

"कुणाकडे?"