डबल बेल

पेणहून रोह्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत त्या कंडक्टरबाई मला वर्षभर रोज भेटायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. गर्दीतून वाट काढताना त्या प्रत्येक बाईच्या खांद्यावर हात ठेवून "सरक गो जरा" म्हणायच्या आणि बाया हसत सरकायच्या.

एकदा रामवाडी सोडताच आठवीतल्या दोन मुली खिडकीच्या जागेवरून भांडल्या. एकीनं स्टीलची बाटली दुसरीच्या डोक्यावर उगारली. बाईंनी वरच्यावर तिचं मनगट धरलं.

"दुपारी डबा खाल्लास?"

"नाय."

बाईंनी पिशवीतली चिक्की तिच्या हातावर ठेवली. "राग गेला?"

"नाय!"

"नसूदे. ह्या घंटीच्या दोरीजवळ उभी ऱ्हा. माणसं नीट चढली-उतरली का बघायचं, मगच डबल बेल द्यायची."

मी हळूच म्हटलं, "ओरडला नाहीत?"

"ओरडले असते तर बाटली मलाच बसली असती," म्हणत त्या खळखळून हसल्या.

पोरगी मात्र गंभीर झाली. प्रत्येक थांब्यावर दारातून वाकून बघायची आणि मगच दोरी ओढायची. दुसरीचं गाव आलं. ती फुरंगटूनच उतरली. पण बेल काही वाजेना. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं.

"थांबा वो!" म्हणत पोरगी सीटवर विसरलेली छत्री घेऊन दारात धावली. "ए गो, तुझी छत्री!"

खालच्या मुलीनं छत्री घेतली आणि हसून टाटा केला. मग डबल बेल वाजली, जरा जास्तच जोरात.